महादेवी सिस्टरांच्या नावापुढची ओळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची सौ. म्हणते, "तुम्हाला संगणकावर ठेवलंच कसं कुणी? तुम्ही तर मिक्सर अडकला तरी त्याच्या खानदानाचा उद्धार करता." तिला काय सांगणार! काम संगणकावरचं होतं खरं, पण सगळा संबंध माणसांशीच यायचा, आणि माणसांवर ओरडण्यात माझी अर्धी नोकरी गेली. उरलेली अर्धी त्यांची समजूत काढण्यात गेली.

धाराशिवला एका आरोग्यसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी होतो. संस्थेचा गावात मोठा दवाखाना आणि तालुक्या-तालुक्यांत लहान सेंटरं. कुठल्याही सेंटरवरची सिस्टर टॅबवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकायची की तिला तिच्या पेशंटची सगळी माहिती दिसायची. त्या दारातून आत कोण येतंय, ते खरंच तेच माणूस आहे का, हे बघायचं काम माझं. म्हणजे दारावरचा वॉचमनच म्हणा, फक्त काठी नव्हती आणि खुर्ची जरा बरी होती.

ही ओळख कशी पटवतात ते थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या नावापुढं सिस्टीममध्ये एक शेरा असतो. धोका कमी, मध्यम किंवा जास्त. रोजच्या फोनवरून, रोजच्या गावातून, रोजच्या वेळेला माणूस आला तर शेरा कमी. भलत्या फोनवरून नाहीतर भलत्या गावातून आला तर शेरा चढतो. मध्यम झाला की मोबाईलवर आकडा पाठवून खात्री करून घ्यायची. जास्त झाला की दार बंद. यात तो माणूस धोकादायक आहे असं कुणी म्हणत नसतं. त्याच्या नावानं दुसरंच कुणी आत शिरत असेल, एवढीच शंका असते. हे मी नोकरीत हजारदा समजावलं असेल. पण ज्याच्या नावापुढं ‘धोका: जास्त’ लागलं, त्याला ते एकदाही पटलं नाही.

एकदा चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत आमचा कॅम्प होता. सकाळी मी पोहे खातोय तोवर फोन नुसता थरथरायला लागला. बावीस जणांचे शेरे एकदम चढलेले! सगळे एकाच अनोळखी कनेक्शनवरून आत आलेले. मी पोह्यांची बशी बाजूला सारली. कॅम्पवरच्या कंपाउंडरला फोन लावला, म्हटलं, "अरे, हल्ला झालाय काय आपल्यावर?"

"हल्ला कशाचा सर? रेंज न्हाय इथं. चहावाल्याच्या फोनचं नेट घेतलंय समद्यांनी. लई चांगला माणूस हाय, त्यानंच एकेकाला जोडून दिलं."

मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात चहावाल्यानं फोन घेतला. "साहेब, देवीच्या यात्रेत म्या कुणाला न्हाय म्हणत न्हाय," असं ठणकावून सांगितलं आणि फोन परत दिला. यावर काय बोलणार? पुढच्या वर्षी आम्ही स्वतःचं कनेक्शन पाठवलं, तरी निम्मी मंडळी चहावाल्याकडंच बसलेली. तिथं नेटबरोबर चहा मिळायचा.

परंड्याच्या क्लार्कचा किस्सा तर आमच्या ऑफिसात अजून सांगतात. दशरथभाऊ त्यांचं नाव. तपासणीला गेलो तर त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. वर मोत्यासारख्या अक्षरात ‘पासवर्ड नोंदवही’. आत सेंटरवरच्या एकूण एक माणसाचा पासवर्ड, बदलल्याची तारीख आणि पुढं ज्याची त्याची सही.

"गहाळ व्हायला नको म्हणून ठिवलंय सर," ते अभिमानानं म्हणाले.

माझा पारा चढला. "दशरथभाऊ, हे कुलपात तरी ठेवता का?"

"काय सर! किल्ल्याच्या गावात जन्म गेला आमचा. कुलूप लावायला आमाला शिकवता व्हय?"

कुलूप होतं. किल्ली कपाटाशेजारीच खिळ्याला लटकवलेली होती. मी ते रजिस्टर त्यांच्यासमोर फाडायला घेतलं, पण त्या अक्षराकडं बघून हात होईना. शेवटी त्यांनाच फाडायला लावलं. बिचारे एकेक पान सावकाश फाडत होते.

असल्या माणसांचा सांभाळ करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, की आमचाच कारभार सगळ्यात गलथान आहे. कुणाचा शेरा कुणी चढवला, कधी उतरवला, कशासाठी, याचा पत्ता नसायचा. ज्याला वाटेल त्यानं पडद्यावर बटण दाबायचं. मग शबाना आली. धाराशिवचीच, दहा वर्षं पुण्यात नोकरी करून आईवडिलांसाठी परत आलेली. कामात वाघ आणि तोंडानं माझ्याही वरचढ. तिनं सांगितलं, इथून पुढं सगळं एका फाईलमध्ये लिहायचं. कुणाच्या नावापुढं आपण हातानं काय शेरा दिला, का दिला, सगळं तिथं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचं. मंजुरी मिळाली की लगेच, आणि मग रोज सकाळी, मशीन ती फाईल वाचतं आणि सिस्टीम तिच्याबरहुकूम करून ठेवतं. मधे कुणी पडद्यावर हातानं काही बदललं असेल तर मशीन ते मोडून पुन्हा फाईलप्रमाणं करतं. आणि फाईलमध्ये कुणी काय लिहिलं ते नावानिशी कायमचं राहतं, खोडता येत नाही.

आधी मी लई विरोध केला. मग पटलं, आणि पटल्यावर बाटग्याची बांग मोठी म्हणतात तसं झालं. मी स्वतःच्या हातानं पाटी लिहून भिंतीला लावली, ‘पडद्यावर हात लावू नये. आधी फाईल.’

आता महादेवी सिस्टरांकडं येतो. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

महादेवी सिस्टर सास्तूरच्या सेंटरवर. माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, त्यामुळं पेशंटशी मराठी आणि स्वतःशी कानडी. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सेंटर होतं तेव्हापासून त्या तिथं. पंचक्रोशीतल्या किती बाया त्यांच्या हाताखाली बाळंत झाल्या त्याची गणती नाही. कुठल्या पोरीचा कितवा महिना चाललाय, हे टॅब उघडायच्या आधी त्यांना तोंडपाठ असायचं.

एका मंगळवारी दुपारी सिस्टीमनं त्यांच्या नावाची सूचना दिली. आधी सास्तूरहून आत आल्या, आणि नऊ मिनिटांनी बेंगळुरूहून. त्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका संस्थेची सगळी कागदपत्रं चोरट्यांनी पळवल्याची बातमी आली होती. डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला बजावलं होतं, डोळ्यात तेल घालून बसा. मी लगेच फाईल उघडली आणि लिहिलं, महादेवी सिस्टर, धोका जास्त, कारण पासवर्ड चोरीला गेला.

शबाना मंजुरीला बसली होती. तिनं विचारलं, "सर, सिस्टरांना फोन केलात का?"

"फोनबिन मागनं. आधी दार लाव."

तिनं लावलं. तासाभरात सिस्टरांचाच फोन आला. "सर, टॅब उघडेना वो."

"बेंगळुरूला कोण आहे तुमचं?"

"बेंगळुरूला कुठलं वो कोण? म्या सास्तुरातच हाय. खाली रेंज न्हाय म्हणून गच्चीवर गेल्ते, तेवढंच."

माझ्या डोक्यात उजेड पडला. तो भाग हद्दीवरचा. गच्चीवर गेलं की फोनला कधी कधी पलीकडचा, कर्नाटकातला टॉवर लागतो, आणि मग सिस्टीमला वाटतं बाई बेंगळुरूला पोचल्या. म्हणजे चोर नव्हता, काही नव्हतं. मला घरी जायची घाई होती. फाईल बदला, कारण लिहा, शबानाला वाचायला द्या, कोण करत बसणार? मी सरळ पडद्यावर बटण दाबलं आणि शेरा उतरवला. पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती. म्हटलं फाईलचं उद्या बघू. आणि साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सिस्टरांचा शेरा पुन्हा जास्त. मी पडद्यावर पुन्हा उतरवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. आता मात्र मला शंका आली. त्यांना पासवर्ड बदलायला लावला, शेरा उतरवला. चौथ्या दिवशी सकाळी परत तेच! मग मी मनाशी हिशेब मांडला, की ज्या अर्थी पासवर्ड बदलूनही शेरा चढतोय, त्या अर्थी बाई नवा पासवर्डही कुणाला तरी सांगतायत. आपण किती हुशार, असं वाटलं मला त्या क्षणी.

त्याच दिवशी लोहाऱ्याला महिन्याची मीटिंग होती. वीस-पंचवीस जण बसलेले, सिस्टर, डॉक्टर, ड्रायव्हर. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "महादेवी सिस्टर, इतकी वर्षं झाली नोकरीला, आणि पासवर्ड कुणाला तरी वाटत फिरता? पेशंटच्या आयाबहिणींची माहिती आहे ती, बाजारातली मेथी नाही."

सिस्टर उठल्या. त्यांनी टॅबसाठी शिवलेली कापडी पिशवी होती, तिच्यात टॅब नीट घातला आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

"एवढ्या लोकांत बोललात सर," त्या म्हणाल्या. "बरं."

एवढंच. आवाज चढला नाही. सोमवारी त्यांचा राजीनामा डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर होता. जिथं माझ्यावर विश्वास नाही तिथं मी राहू शकत नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीला मला मोकळं करावं, एवढंच लिहिलेलं. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "बाई गेल्या तर सास्तूरचं सेंटर गेलं, कळतंय का? पोरीबाळी दुसऱ्या कुणासमोर तोंड उघडत नाहीत तिथं. त्यांनी पासवर्ड दिला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. पुन्हा बघा."

मी तणतणत जागेवर आलो. शबानानं फाईलचा सगळा मागचा इतिहास उघडला आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला भीती वाटायची.

"सर, हा शेरा रोज कोण चढवतंय?"

"सिस्टीम. मी कधीचा सांगतोय."

"सिस्टीम नाही. तुम्ही." तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "मंगळवारी तुम्ही लिहिलंत. खाली मंजूर म्हणून माझं नाव. ही ओळ तुम्ही काढलीच नाही. तुम्ही पडद्यावर उतरवायचा आणि मशीन रोज सकाळी तुमचंच लिहिलेलं वाचून पुन्हा चढवायचं."

चोराचा पुरावा म्हणून रोज सकाळी मी जे बघत होतो, ते माझंच वाक्य होतं. त्या वाक्याच्या भरवशावर मी एका बाईला पंचवीस माणसांत चोर ठरवून आलो होतो. इतकी वर्षं रागावलो, पण स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेव्हाच्या तेव्हा फाईल दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी शबानाला घेऊन एसटीनं सास्तूर गाठलं. सिस्टर एका बाळाचं वजन करत होत्या आणि जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहीत होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. फाईल, मशीन, पडदा, बटण. मला वाटलं त्यांना समजायला वेळ लागेल.

"म्हंजे असं म्हणा की," त्या बाळाला आईकडं देत म्हणाल्या, "इंजेक्शन बंद करा म्हणून तोंडी सांगितलं आणि केसपेपरवर खोडलंच न्हाय. मंग सिस्टर रोज टोचणारच की."

शबाना फिस्सकन हसली. माझी सगळी विद्या त्यांनी एका वाक्यात सांगितली होती.

"चुकलं माझं, सिस्टर," मी म्हणालो.

"चुकतंय वो. माणूस हाय, चुकणारच." मग जरा थांबून म्हणाल्या, "सर, भूकंप झाला तवा इथं कुणापाशी एक कागद राहिला नव्हता. रेशन कार्ड न्हाय, दाखला न्हाय, समदं ढिगाऱ्याखाली. साहेबलोक विचारायचे, ही बाई कोण? तर शेजारची दोन माणसं उठून सांगायची, ही अमक्याची सून, आमी वळखतो. तेवढ्यावर गाव पुन्हा उभा राहिला. माझं नाव लिहिताना तुमाला एक माणूस सापडला न्हाय व्हय, माझ्याबद्दल विचारायला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"राजीनामा मागं घ्या," मी म्हणालो.

"चारचौघांत बोललात, चारचौघांत सांगा. राजीनाम्याचं मागनं बघू."

पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो. फाईल दुरुस्त करताना मी जे कारण लिहिलं होतं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: ‘महादेवी सिस्टर यांचा पासवर्ड कधीही बाहेर गेला नव्हता. चूक माझी. न विचारता शेरा दिला, वर लोकांत बोललो.’ हे माझ्या नावानिशी कायम राहणार आणि मलाही खोडता येणार नाही, हेही सांगितलं. शेवटी एक ड्रायव्हर म्हणाला, "सर, चहा सांगू का?" तेव्हा कुठं लोकांनी श्वास सोडला.

सिस्टर बाहेर भेटल्या. "माफी पावली सर. पण मन उठलंय. आता घरी बसावं म्हणते." यावर जबरदस्ती तरी कशी करणार? मी मान हलवली आणि गाडीत बसलो. धाराशिव येईपर्यंत शबाना वहीत काहीतरी खरडत होती.

सिस्टरांच्या भूकंपाच्या गोष्टीवरून आम्ही एक नवा नियम मात्र केला. हातानं कुणाचाही शेरा चढवायचा असेल किंवा उतरवायचा असेल, तर आधी त्या माणसाला ओळखणाऱ्या, दुसऱ्या सेंटरवरच्या एकाशी बोलायचं, आणि तो काय म्हणाला ते कारणात लिहायचं. नियम शबानानं लिहिला. मंजुरी माझी. मी वरवर नजर टाकली आणि मंजूर करून टाकला, एवढ्या ओळी कोण वाचत बसतो.

"आता कुणावर तरी खोटाच शेरा चढवून नियम चालतो का बघायला पाहिजे," शबाना म्हणाली. "तुमच्यावरच करू."

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते. सकाळी अकराला माझ्या नावापुढं ‘धोका: जास्त’ लागलं आणि मी माझ्याच सिस्टीमच्या बाहेर. मेल उघडेना, हजेरी लागेना. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट मागितला तर म्हटलं, देता येत नाही, माझ्यावर संशय आहे. सगळं ऑफिस येऊन बघून जात होतं. गंमत म्हणून बसलो होतो, पण तासाभरानं खरंच अपराध्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, सिस्टरांनी ते चार दिवस कसे काढले असतील, आणि तेही काही केलेलं नसताना.

"ओळख द्यायला कुणाला विचारू?" शबानानं विचारलं.

"सास्तूरला लाव," मी म्हणालो.

तिनं फोन स्पीकरवर टाकला. "सिस्टर, मुख्य कार्यालयातून बोलतेय. आमच्या सरांच्या नावावर धोका लागलाय. तुम्ही या माणसाला ओळखता का?"

पलीकडं बाळ रडत होतं.

"वळखते की," त्या म्हणाल्या. "तोंडानं फटकळ हाय. पण चुकलं तर पळून जात न्हाय. सोडा त्यास्नी."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण शबानाचं संपलं नव्हतं.

"सिस्टर, एक अडचण आहे. नियमात लिहिलंय, ओळख देणाऱ्यानं राजीनामा दिलेला नसावा. दिला असेल तर त्याची ओळख चालत नाही."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. ही ओळ मी बापजन्मी वाचली नव्हती, आणि मंजूर मात्र मीच केली होती.

"म्हंजे सर बाहेरच?"

"हो."

"किती दिवस?"

"तुमचा कागद डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर आहे तोवर."

सिस्टर तिकडं कुणाशी तरी कानडीत काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर समजलं नाही, पण तिथं बसलेल्या बाया मोठ्यानं हसल्या एवढं ऐकू आलं.

"शबाना, लई बिलंदर हाईस तू," सिस्टर म्हणाल्या. "फाडा म्हणावं तो कागद. आणि त्या माणसाला घ्या आत. बाहेर बसून आणिक कुणावर तरी वराडतील."

शबानानं कारणाच्या जागी हे जसंच्या तसं लिहून टाकलं. माझ्या नावापुढं ते अजून तसंच आहे.